रोजगार सांभाळून घरातील वृद्धांचे करणाऱ्यांना आर्थिक आधार: मराठवाड्यातील ज्येष्ठांचे म्हणणे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बँकेतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर गेली काही वर्षे मी लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी ज्येष्ठांचे अर्ज भरून देण्याचे काम करतो. अर्ज भरताना माणसे बोलतात, आणि अर्जाच्या रकान्यात न मावणारेच अधिक बोलतात. त्या बोलण्यातून पुन्हा पुन्हा पुढे आलेले प्रश्न आणि त्यांची मला देता आलेली उत्तरे येथे मांडली आहेत. मी स्वतः बहात्तर वर्षांचा असल्यामुळे काही ठिकाणी माझे मतही त्यात मिसळले आहे.

‘काळजी घेणारा’ म्हणजे नेमके कोणाला म्हणायचे?

सरकारी कागदांवर ‘काळजीवाहक’ असा शब्द येतो, परंतु तो घरात कोणी वापरत नाही. आपल्याकडे विचारतात, ‘त्यांचं कोण करतं?’ आणि उत्तर येते, ‘सूनच करते सगळं.’ हे ‘करणे’ म्हणजे वेळेवर गोळ्या देणे, आंघोळ घालणे, रात्री लघवीला उठवणे, दवाखान्यात नेणे, बँकेत अंगठा लावायला घेऊन जाणे आणि या सगळ्याच्या मधल्या वेळात स्वतःच्या कामावर पोहोचणे. वाळूजच्या कारखान्यात कंत्राटावर असलेला मुलगा, सकाळी अंगणवाडी उघडणारी सून, परभणीला दिलेली पण दर पंधरा दिवसांनी आईसाठी येणारी लेक, महाविद्यालय सोडून आजोबांजवळ थांबलेला नातू, हे सर्व त्यात येतात. या पानावर विचार आहे तो अशांचाच, म्हणजे ज्यांना घरातील वृद्धाचे करायचे आहे आणि कमाईही सोडता येत नाही अशांचा.

या विषयावर ज्येष्ठांचे पहिले म्हणणे काय असते?

‘माझ्यापायी लेकराचा रोज बुडतो.’ हे वाक्य मी इतक्यांकडून, इतक्या वेळा ऐकले आहे की या विषयाची सुरुवात दुसऱ्या कशाने करणे मला प्रामाणिक वाटत नाही. औषधांच्या महागाईची तक्रार असतेच, पण ती त्यानंतर येते.

बुडालेला रोज कोणत्याही बिलात दिसत नाही. पगारी नोकराला सुट्टी टाकता येते. रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा पडतो आणि त्या दिवसाची कमाई सरळ जाते. कंत्राटी कामगाराचा दिवस तर जातोच, शिवाय पूर्ण हजेरीवर मिळणारी जादा रक्कम असेल तर तीही जाते. सिल्लोड किंवा वैजापूरकडून एखाद्या वृद्धाला छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात आणायचे म्हटले, तर पहाटेची एसटी, केसपेपरची रांग, मग तपासण्या, आणि पुष्कळदा अहवालासाठी दुसरी खेप असा तो क्रम असतो. तपासणीचा खर्च सरकारी रुग्णालयात फारसा येत नाही, हे खरे आहे. परंतु सोबत आलेल्या मुलाचे दोन किंवा तीन दिवस गेलेले असतात, आणि सोयाबीन काढणीचे दिवस असतील तर ते दिवस वर्षभरातील सर्वांत मोलाचे असतात.

एसटीचेच उदाहरण घ्या. २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील व्यक्तीला राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या व्यक्तीला अर्धे तिकीट आहे, आणि २०२३ पासून सर्व महिलांनाही अर्धे तिकीट आहे. म्हणजे आजारी माणूस फुकट, सून सोबत असेल तर तिचे अर्धे आणि मुलगा असेल तर त्याचे पूर्ण. सवलतीमागचा हेतू चांगलाच आहे; फक्त वृद्ध माणूस एकटाच प्रवास करतो असे तिच्यात गृहीत धरलेले दिसते.

ज्येष्ठांना स्वतःच्या निवृत्तीवेतनात वाढ नको आहे काय?

हवी आहे, आणि ती मागण्यात त्यांना संकोचही वाटत नाही. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेत पासष्ट वर्षांवरील पात्र व्यक्तीला दरमहा १,५०० रुपये मिळतात. गावात याला सरळ ‘निराधारचा पगार’ म्हणतात. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीच्या बाबतीत त्यातला केंद्राचा वाटा वयाच्या एकोणऐंशी वर्षांपर्यंत दरमहा २०० रुपये आणि त्यापुढे ५०० रुपये आहे.

मात्र येथे खरी अडचण रकमेहून अधिक उत्पन्नाच्या अटीची आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असले पाहिजे, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. ज्या घरात एखादा मुलगा नियमित मजुरी करतो ते घर या मर्यादेत खऱ्या अर्थाने बसूच शकत नाही. मुलगा कमावतो म्हणजे आई-वडिलांची सोय झाली, असे ही अट मानते. त्यांच्यासाठी तो आपली कमाई बुडवतो, ही गोष्ट तिला माहीतच नाही. म्हणून मग कागदावर घरे वेगळी होतात. शिधापत्रिका वेगळी काढली जाते, एकाच चुलीवर जेवणारी माणसे अर्जात विभक्त दाखवली जातात, आणि सुनेने सासूसाठी केलेला स्वयंपाक सरकारी नोंदीत अस्तित्वातच राहत नाही. यात फसवणूक किती आणि नाइलाज किती, हे ठरवण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत नाही. परंतु मदत मिळवण्यासाठी ‘माझे कोणी करत नाही’ असे लिहून द्यावे लागणे, याचे दुःख मी अनेक वृद्धांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

काळजी घेणाऱ्यासाठी वेगळी रक्कम दिली, तर ती कोणाच्या हातात जावी?

या एका प्रश्नावर पारावर तासन्तास वाद होतो. बाहेरची उदाहरणे सांगितली की तो अधिक रंगतो. जर्मनीत १९९५ पासून दीर्घकालीन काळजीचा विमा आहे. त्यातील रोख भत्ता ज्याला काळजीची गरज आहे त्या व्यक्तीला मिळतो, ती तो घरच्या माणसाला देऊ शकते, आणि ठरावीक तास काळजी घेणाऱ्या नातेवाइकाच्या निवृत्तीवेतनाचा हप्ताही विम्याकडून भरला जातो. ब्रिटनमध्ये आठवड्याला किमान पस्तीस तास काळजी घेणाऱ्यालाच भत्ता मिळतो, मात्र त्याची स्वतःची कमाई ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की तो बंद होतो. आपल्या देशात केरळमध्ये ‘आश्वासकिरणम्’ ही योजना आहे आणि तिच्यात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे करणाऱ्याला दरमहा ६०० रुपये देण्याची तरतूद आहे.

हे ऐकल्यावर पुरुष मंडळींचा कल बहुधा जर्मनीकडे असतो. पैसा आपल्या खात्यात यावा आणि आपण तो द्यावा, म्हणजे घरात शब्दाला वजन राहते, असे त्यांना वाटते. त्यात अहंकार आहेच. पण ज्याने आयुष्यभर घरात आणून दिले त्याला शेवटी केवळ घेणारा होऊन राहणे जड जाते, हेही समजून घ्यायला हवे. वृद्ध स्त्रियांचे म्हणणे पुष्कळदा याच्या उलट असते. ‘जी करते तिच्या खात्यात टाका, माझ्या खात्यातलं मला तरी कुठं दिसतं?’ असे एका आजींनी मला विचारले होते. त्यांचे एटीएम कार्ड नातवाकडे असते आणि अंगठा लावण्यापलीकडे त्यांचा त्या खात्याशी संबंध नसतो.

माझे मत विचाराल तर मी आजींच्या बाजूचा आहे, परंतु एका अटीवर. रक्कम काळजी घेणाऱ्याच्या नावावर जावी, आणि वृद्धाचे म्हणणे वर्षातून एकदा तरी कोणीतरी घरी येऊन, इतरांना बाहेर बसवून ऐकावे. हयातीचा दाखला घेताना माणूस जिवंत आहे एवढे आपण तपासतो. तो कसा आहे, हेही त्याच वेळी विचारता येईल.

सेवेचे पैसे घेणे किंवा देणे हे ज्येष्ठांना कमीपणाचे वाटत नाही काय?

काहींना वाटते. आई-वडिलांचे केल्याचा मोबदला सरकारकडून घ्यायचा, म्हणजे पोटचा मुलगा पगारी गडी झाला, असे मला तोंडावर ऐकवणारे लोक आहेत. त्यांचा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, कारण पैसा आला की हिशोब येतो आणि हिशोब आला की भावाभावांत ‘तुला पैसे मिळतात, मग तूच कर’ हे सुरू होते, ही भीती निराधार नाही.

तरीही बहुसंख्य बोलणाऱ्यांनी हा प्रश्न आपल्यापुरता सोडवलेला दिसतो. ते मोबदला आणि भरपाई यांत फरक करतात. सेवेचे मोल होत नाही, पण बुडालेल्या दिवसाचे होते, आणि तो दिवस बुडाला याला सेवा कारणीभूत आहे. निवृत्तीवेतनाच्या योजनेला आपण श्रावणबाळाचे नाव दिले आहे. मात्र कावड खांद्यावर घेताना श्रावणाला कारखान्याच्या फाटकावर सकाळी सातला हजेरी लावायची नव्हती, असे मी गमतीने म्हणतो, आणि ते म्हातारी माणसे लगेच मान्य करतात.

सुनेचे स्थान कायद्यात कोठे आहे?

फारसे कोठेच नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ यात ‘अपत्य’ या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात येतात. सून येत नाही. २०१९ मध्ये संसदेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात सून आणि जावई यांचा समावेश सुचवला होता, परंतु त्याचा कायदा झाला नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की त्या विधेयकात सुनेचा उल्लेख आला तोही जबाबदारी टाकण्यासाठी. तिच्या बुडणाऱ्या मजुरीचा विचार तेथेही नव्हता.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात पंधरा ते एकोणसाठ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांची काळजी घेण्याच्या कामात दिसल्या आणि पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के होते. मुलांचे संगोपनही त्यात धरलेले आहे, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे वृद्धांच्या काळजीला लावता येत नाहीत; परंतु घरात कोणाचा वेळ जातो याची दिशा त्यांतून कळते. ज्येष्ठांना हे सर्वेक्षणातून कळावे लागत नाही. माझ्यासमोर सुनेला बोल लावणारे सासरेही भत्त्याचा प्रश्न निघाल्यावर तिचेच नाव घेतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील वृद्धांचे काय?

बीड जिल्ह्यातील केज, धारूर, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून आणि शेजारच्या जिल्ह्यांतूनही दिवाळीच्या सुमारास जोडपी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी तेथली मोजणी असते. गावात राहतात ते म्हातारे आणि शाळेतील नातवंडे. येथे कोण कोणाचे करते हे सांगणे कठीण होते, कारण सत्तरीची आजी आठ वर्षांच्या नातीला जेवू घालते आणि तीच नात आजीला हाताला धरून विहिरीपर्यंत नेते.

या वृद्धांचे म्हणणे शहरातल्यांपेक्षा वेगळे पडते. आजारपण आले की मुकादमाकडून (मजुरांच्या ठेकेदाराकडून) घेतलेली उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, दवाखान्यात खर्च होते आणि मग तेवढी फेडण्यासाठी मुलगा-सून पुढच्या हंगामात पुन्हा फडात जातात. मध्येच परत यायचे म्हटले तर अंगावरची उचल फिटलेली नसते. त्यामुळे ‘रजा’ हा शब्द त्यांना लागूच होत नाही. हंगामाच्या काळात गावात कोणीतरी दिवसातून एकदा घरात डोकावणारे असावे आणि त्या व्यक्तीला त्याचे पैसे मिळावेत, अशी त्यांची साधी मागणी असते. आशा कार्यकर्तीचे नाव लगेच पुढे येते. पण तिच्याकडे आधीच किती कामे आहेत हे पाहता तिच्यावर हे आणखी एक काम फुकटात टाकू नये, असे मला वाटते.

नोकरदारांना आई-वडिलांसाठी रजा मिळते काय?

त्या नावाची वेगळी रजा सर्वसाधारणपणे नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना आणि एकल पुरुष पालकांना संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. वृद्ध संगोपनाची तशी तरतूद नाही. जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत हा प्रश्न विचारला गेला तेव्हा उत्तर असे मिळाले की वर्षाला ३० दिवस अर्जित, २० दिवस अर्धपगारी, ८ दिवस नैमित्तिक आणि २ दिवस मर्यादित सुट्टी ही कोणत्याही वैयक्तिक कारणासाठी, आई-वडिलांच्या काळजीसाठीसुद्धा, घेता येते. आसाम सरकारने २०२४ मध्ये कर्मचाऱ्यांना आई-वडील किंवा सासू-सासरे यांच्यासोबत राहण्यासाठी दोन दिवसांची विशेष नैमित्तिक रजा दिली होती. जपानमध्ये एका आप्तासाठी एकूण ९३ दिवसांची काळजी रजा आहे आणि त्या काळात रोजगार विम्यातून वेतनाच्या ६७ टक्के रक्कम मिळते.

ज्येष्ठांना मात्र लांब रजेचे फारसे आकर्षण नाही. महिनाभर मुलगा घरी बसला तर त्याची नोकरी जाईल, ही धास्ती त्यांना अधिक असते. त्यांना हवे असतात ते तुकडे, म्हणजे महिन्यातून दोन अर्धे दिवस, पाळी बदलून मिळण्याची मुभा आणि अचानक फोन आला तर फाटकाबाहेर पडण्याची परवानगी.

आयकरातील सवलतींचा उपयोग होतो काय?

पगारदारांना होतो, मजुरांना होत नाही. आयकर अधिनियम, १९६१ नुसार जुनी करप्रणाली निवडणाऱ्यास ज्येष्ठ आई-वडिलांच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यावर किंवा विमा नसल्यास वैद्यकीय खर्चावर ५०,००० रुपयांपर्यंत, अवलंबून असलेल्या दिव्यांग आप्तासाठी ७५,००० रुपये व तीव्र दिव्यांगत्वात १,२५,००० रुपये, आणि ज्येष्ठाच्या ठरावीक गंभीर आजारांवर १,००,००० रुपयांपर्यंत वजावट मिळत आली आहे. नव्या करप्रणालीत या वजावटी नाहीत.

कामगारांसाठी कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) अधिक उपयोगाची आहे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारकाच्या, त्याच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही तीत उपचार मिळतात. (श्रावणबाळ योजनेतही आकडा २१,००० चाच आहे, एक महिन्याचा, दुसरा वर्षाचा.) वाळूज आणि शेंद्रा भागातील किती तरी कामगारांनी आई-वडिलांची नावे कार्डावर घातलेलीच नसतात, ती आधी घालून घ्यावीत.

सत्तर वर्षांवरील सर्वांना आयुष्मान कार्ड मिळते, मग आणखी आधार कशासाठी?

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार या योजनेत आहेत. मात्र हे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावरचे आहे. पक्षाघाताचा रुग्ण आठ दिवसांत घरी येतो आणि त्यानंतर आठ वर्षे घरीच असतो. त्या आठ वर्षांचे कार्ड अजून निघालेले नाही.

कायद्याने मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. तो मार्ग पुरेसा नाही काय?

टाकून दिलेल्या आई-वडिलांसाठी तो मार्ग आवश्यकच आहे. २००७ च्या अधिनियमानुसार उपविभागीय अधिकाऱ्याच्या, म्हणजे आपण ज्यांना प्रांत म्हणतो त्यांच्या, न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मंजूर होऊ शकतो आणि नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. सांभाळण्याच्या अटीवर जमीन किंवा घर नावावर करून दिले असेल आणि नंतर सांभाळले नाही, तर कलम २३ खाली तो व्यवहार रद्द करून घेता येतो. म्हणून बक्षीसपत्र करताना ती अट कागदावर लिहून घ्यावी, असे मी प्रत्येकाला बजावतो. आमच्या लातूर जिल्हा परिषदेने तर २०२१ मध्ये आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या काही कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापून ती आई-वडिलांकडे वळवली होती, आणि त्याची चर्चा देशभर झाली.

परंतु हे सगळे न करणाऱ्या मुलांसाठी आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक वृद्धांची तक्रार मुलाविरुद्ध नसते. मुलगा करतो आणि त्यापायी कर्जात जातो, ही त्यांची चिंता असते. त्यांना न्यायाधिकरणाचा पत्ता देऊन काय उपयोग?

काळजी भत्त्याची मागणी करण्यास कायद्यात काही आधार आहे काय?

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम २४ मध्ये, जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांग व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. पक्षाघात, पार्किन्सन किंवा दृष्टी गेल्यामुळे दिव्यांगत्व आलेल्या वृद्धाने त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अवश्य काढून ठेवावे. ‘म्हातारपण म्हणजे अपंगत्व नव्हे’ असे म्हणून अनेकजण ते टाळतात. भावना रास्त आहे, पण प्रमाणपत्र काढावेच.

माहितीसाठी कोठे विचारावे आणि सोबत काय न्यावे?

ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर आहे आणि ती निःशुल्क आहे. श्रावणबाळ व संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज तहसील कार्यालयात, निर्वाहखर्चाचा अर्ज उपविभागीय अधिकारी कार्यालयात द्यावा. आधार कार्ड, वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका आणि आधारशी जोडलेल्या खात्याचे पासबुक यांच्या दोन-दोन प्रती सोबत ठेवाव्यात. बोटांचे ठसे पुसट झाल्यामुळे यंत्र अंगठा घेत नसेल, तर डोळ्यांच्या बुबुळावरून ओळख पटवण्याची सोय कोठे आहे हे निघण्यापूर्वीच फोनवर विचारून घ्यावे, म्हणजे सोबत येणाऱ्याचा आणखी एक रोज वाचेल.